पिवळ्याखालचा पांढरा

माझ्या थोरल्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षीची गोष्ट. गॅरेजमधलं गाड्या रंगवायचं काम सोडून मी घरी बसलो होतो. धाकटा भाऊ सुतार. आमच्याच घरात मागच्या खोलीत राहायचा आणि हौसेनं लाकडाची विमानं करायचा. पन्नाशीत मला अक्षरं शिकवली ती त्यानंच, रंगाच्या डब्यांवरून.

जुळ्यांसाठी त्यानं हातभर लांबीचं विमान केलं. मी सवयीनं त्यावर गाड्यांच्या रंगाखाली देतात तो करडा प्रायमर मारला.

"दादा, ट्रक आहे का हा? पिवळा द्यायचाय. पिवळ्याखाली पांढरा लागतो. करड्यावर पिवळा मेल्यासारखा दिसतो."

"डबा वाचायला तूच शिकवलंस. त्यावर असं कुठं लिहिलंय?"

तो हसला आणि खोकत राहिला. आठवड्यानं त्याला इस्पितळात ठेवलं. छातीचं ऑपरेशन ठरलं. जाताना त्यानं खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"करडा घासून काढ. पांढरा मार. पिवळ्याला हात लावू नकोस. तो मी आल्यावर मीच देणार."

मी पांढरा आणि पिवळा, दोन्ही डबे आणले. करडा घासून काढला, पांढऱ्याचा पातळ हात दिला, धूळ बसू नये म्हणून वर खोकं पालथं घातलं आणि कुलूप लावलं. पिवळ्याचा डबा फळीवर ठेवला. तो बंद आहे तोवर भाऊ यायचा आहे, असं मी मनाशी धरलं होतं.

सकाळी खोकं उचललं. डाव्या पंखावर अंगठा उठला होता.

बायकोला विचारलं. ती म्हणाली, "निम्मं आयुष्य कागदावर अंगठे उठवलेत. सवय गेली नसेल तुमची."

"चेष्टा नको. नीट बघ."

तिनं वाकून पाहिलं. आपला अंगठा शेजारी धरला. मग माझा धरून पाहिला. आमचे दोघांचे अख्खे होते. पंखावरचा एका बाजूनं तिरका कापलेला होता. भावाच्या अंगठ्याची कड तीस वर्षांपूर्वी करवतीत गेली होती.

"झाकून ठेवा ते," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

मला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. पॉलिश पेपर ओला करून ठसा घासला, पुन्हा पांढरा मारला. किल्ली खिशातच होती.

दुसऱ्या सकाळी ठसा पंखाच्या मध्यावर होता. तिसऱ्या सकाळी पंखाच्या मुळाशी. रोज घासायचो, रोज मारायचो. दुपारी इस्पितळात जायचो. भाऊ विचारायचा, "पांढरा बसला का?"

"बसतोय."

"हात लागला असेल कुणाचा."

ठशाचं मी त्याला सांगितलंच नव्हतं. मी त्याच्या अंगठ्याकडे पाहायचो. नखाच्या कडेला पांढरं काहीतरी होतं. औषध असेल, म्हणून विचारलं नाही.

ऑपरेशन गुरुवारी होतं. सकाळी साडेआठला मी खोली उघडली.

खोकं उचललं.

ठसा विमानाच्या नाकावर होता. पिवळा.

फळीवरचा डबा पाहिला. झाकणाचं सील तसंच होतं.

ठशाला बोट लावलं. ओला होता.

मग वाकून नीट पाहिला. अंगठा अख्खा होता. दोन्ही कडा गोल, एकही रेघ तुटलेली नव्हती.

बाहेर फोन वाजला. बायकोनं उचलला.

माझा धाकटा भाऊ त्या गुरुवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी गेला. ऑपरेशनला नेण्याआधीच.