दाब... धर... सोड

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. प्रज्योत माझा सख्खा मावसभाऊ. त्याला थापा मारायची सवय नाही. हे त्याने मला एकदाच सांगितलं. पुन्हा विषय काढू दिला नाही.

तुम्ही म्हणाल, अमावस्या असेल, मध्यरात्र असेल.

नव्हती.

दोन हजार चोवीसचा मार्च. सतरा तारीख, रविवार. दुपारचे दोन. किहीमच्या अलीकडे नारळाच्या वाडीला लागून त्याचं घर आहे. घरामागे पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये त्याची गाडी.

टर्बोची पेट्रोल गाडी. दिसायला साधी हॅचबॅक, पण आतलं सगळं त्याने स्वतःच्या हाताने बदललेलं. मोठा टर्बो, मोठा इंटरकूलर, नवा एक्झॉस्ट. लॅपटॉप लावून इंजिनाची सेटिंगसुद्धा तोच बदलायचा. वडिलांचे ट्रक होते, त्यामुळे पाने-स्क्रूड्रायव्हर हातात घेऊनच तो मोठा झाला होता.

त्याची बायको विनिता, पालीची. तिला गाडीतलं काही कळायचं नाही. पण एक काम तिचं ठरलेलं होतं. ब्रेकमधली हवा काढायची तर दोन माणसं लागतात. एकाने सीटवर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी बसून निपल, म्हणजे ऑइल सोडायचा बारीक स्क्रू, उघडायचा. विनिता मांडीवर वालाच्या शेंगा घेऊन सोलत बसायची आणि पाय पेडलवर ठेवायची.

हा म्हणायचा, "दाब."

ती म्हणायची, "धरलाय."

हा निपल उघडून जुनं ऑइल जाऊ द्यायचा, बंद करायचा. "सोड."

"सोडला."

असं चारही चाकांना. तासभर दोघांच्या तोंडात हेच चार शब्द.

विनिता डेंग्यूने गेली. सहा दिवसांत.

त्यानंतर प्रज्योत शेडमध्येच राहायला लागला म्हणा ना. फोन घ्यायचा नाही, लग्नाकार्याला यायचा नाही. गाडीची ताकद मात्र वाढवत सुटला. ब्रेककडे दीड वर्ष बघितलं नाही. "पळायचं नंतर, आधी थांबायचं बघ," असं म्हणणारी राहिली नव्हती.

त्या शनिवारी कार्लेखिंड उतरताना पेडल मऊ पडलं. दाबलं तर खाली खाली जातंय, गाडी थांबत नाही. पुढे कांद्याचा टेम्पो. हँडब्रेक ओढून कशीबशी वाचली.

म्हणून रविवारी त्याने गाडी चार स्टँडवर चढवली. चाकं काढली. एकट्यानेच करायचं होतं. निपलला नळी, नळीचं तोंड बाटलीत, मग उठून जायचं, पेडल मारायचं, परत येऊन बघायचं. वेळखाऊ काम, पण होतं.

सुरुवात सगळ्यांत लांबच्या चाकापासून. मागचं डावं.

तो खाली बसला. नळी लावली. पाना फिरवला. आणि सवयीने तोंडातून निघून गेलं...

"दाब."

स्वतःचंच हसू आलं त्याला. उठायला गुडघ्यावर हात ठेवला.

तेवढ्यात...

नळी थरथरली.

काळपट ऑइल बुडबुडे घेऊन बाटलीत उतरलं.

गाडीची चावी त्याच्या खिशात होती. शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं. वाडीत कावळासुद्धा ओरडत नव्हता.

त्याने पाना आवळला. हळूच म्हणाला, "सोड."

आतून पेडल वर आल्याचा आवाज आला. टक्.

कोणीही पळालं असतं. प्रज्योत पळाला नाही. तो मला म्हणाला, "भाऊ, मला रडू आलं रे. वाटलं, आली."

त्याने पुन्हा म्हटलं, "दाब."

ऑइल आलं.

मग तो बोलतच राहिला. मधेमधे उठून बोनेटखालच्या टाकीत नवं ऑइल ओतायचा, पण ड्रायव्हरच्या सीटकडे बघायचा नाही. बघितलं आणि नसली तर? मागचं उजवं चाक झालं. पुढचं डावं झालं. किती काय काय सांगितलं त्याने. वालाच्या शेंगा यंदा आणल्याच नाहीत. तुझ्या आईचा फोन घेतला नाही, चुकलं माझं. घरात भांडं पडलं तरी बरं वाटतं गं, कसला तरी आवाज होतो.

दाब. सोड. दाब. सोड.

एकच गोष्ट खटकत होती...

"धरलाय" काही ऐकू येत नव्हतं.

शेवटचं राहिलं पुढचं उजवं. ड्रायव्हरच्या दाराला लागून. तिथे बसलं की आतला माणूस हातभर अंतरावर. काच खाली होती. विनिता तिथून त्याच्या डोक्यावर शेंगांची टरफलं टाकायची.

"दाब," तो म्हणाला.

सीट करकरली... कोणीतरी वजन पुढे टाकल्यासारखी.

ऑइल स्वच्छ, पिवळं येत होतं. हवेचा एक बुडबुडा नाही. काम झालं होतं. आता "सोड" म्हटलं की संपलं.

त्याने म्हटलंच नाही. पाना आवळून तसाच बसून राहिला.

"विने, एकदा तरी बोल."



तो उठला. खिडकीतून आत बघितलं.

सीटवर कोणी नव्हतं.

पेडल मात्र दाबलेलं होतं. तळव्याखाली दाबून धरावं, तसं.

आणि सीट...

विनिता बुटकी. पाय पुरावेत म्हणून सीट पार पुढे ओढून घ्यायची. सकाळी प्रज्योतने स्वतःच्या मापाने ठेवली होती, मध्यावर.

ती आता मागे गेली होती. पार शेवटच्या खाचेपर्यंत.

इतका वेळ तो कोणाशी बोलत होता?

तो मागे मागे सरकत शेडबाहेर आला. कुंपणापलीकडे सोनूबाई सुकट वाळत घालत होत्या. शेजारच्या म्हाताऱ्या बाई, त्याला लहानपणापासून ओळखणाऱ्या.

"पज्या, लय दिसांनी तुजा आवाज आयकला रं," त्या म्हणाल्या. "बरा वाटला. पाव्हना कोन आलाय?"

"कोणी नाही, काकी."

"नाय कसा? गारीत बसलाय ना त्यो." त्यांनी डोळ्यांवर हात धरून शेडकडे बघितलं. "केवरा उंच... डोका पार छताला टेकलाय त्याचा."

प्रज्योतने वळून बघितलं नाही. काळोख पडेपर्यंत तो सोनूबाईंच्या ओट्यावर बसून होता.

गाडी त्याने दुसऱ्याकडून घेतलेली. त्या माणसाला मी स्वतः फोन केला. धडधाकट आहे, पनवेलला असतो. त्या गाडीत कधी कोणी दगावलं नाही, की अपघात झाला नाही. सोनूबाईंनाही मी विचारलं. त्या म्हणतात, मला जे दिसला ते सांगितला.

गाडी अजून त्याच्याकडेच आहे. ब्रेक दगडासारखे लागतात.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावं लागतं. परवा मीच फोन केला. म्हटलं, रविवारी येतो, मी बसतो सीटवर. एकट्याने करू नकोस.



मग प्रज्योत म्हणाला, "नको, भाऊ. माणूस आहे माझ्याकडे."