वाघोबाच्या कातळावरचे पांढरे पंजे

“तुझ्याकडे एखादा चांगला दगड आहे का?”

जव्हारच्या एसटी स्टँडवर, भर दुपारी, चारचौघांत ऋतिकाने हे विचारलं आणि वडापावच्या गाडीआड लपलेल्या जयश्री आणि रविना एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून खिदळल्या. पैज त्यांचीच होती. अकरावीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा, हजेरीपुरतंच तोंड उघडणारा तो संदीप. त्याला नेमकं याच शब्दांत विचारायचं!

संदीपने तिच्याकडे नीट बघून घेतलं. मग अगदी शांतपणे म्हणाला, “बसायला हवाय... की डोकं आपटायला?”

“चढायला!”

त्याची नजर तिच्या खरचटलेल्या बोटांवर गेली. “मग ते पंजे तुझेच.”

“कसले पंजे?”

“जामसरच्या रस्त्याला, आमच्या पाड्याजवळ. वाघोबाच्या कातळावर. पांढरे... खालून वर गेलेले.”

ऋतिकाने बोटं पाठीमागे लपवली. गेल्या रविवारी बाबांची गाडी तिथेच पंक्चर झाली होती. बाबा चाक बदलेपर्यंत ही बाई कातळाला भिडली. हात घसरू नयेत म्हणून लावायची पांढरी पूड खिशात होतीच. निम्म्यावर गेली आणि बाबांनी हाक मारली, म्हणून उतरली. पायथ्याच्या गवतात शेंदूर लावलेला देव आहे, हे तिला दिसलंसुद्धा नव्हतं.

“पाड्यावर सगळे एकच विचारतायत,” संदीप म्हणाला, आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. “लग्न कुणाचं?”

“लग्न?”

“आमच्यात लग्न असलं की भिंतीवर तांदळाच्या पिठाने पांढरं काढतात. पाड्यावरच्या म्हाताऱ्या गोजाबाईला वाटलं, कुणीतरी आधी देवाला सांगून गेलं. ती घरोघर चौकशी करत फिरतेय. नारळपण ठेवलाय.”

हसावं की रडावं, ऋतिकाला कळेना. मुळात या गावात तिला राहायचंच नव्हतं. बाबांची ठाण्याहून बदली झाली तेव्हा तिने घर डोक्यावर घेतलं होतं. तिथे तिची चढाईची भिंत होती, सर होते, स्पर्धा होत्या. इथे काय? ज्याला विचारावं तो सहलीला जायचं शिरपामाळ दाखवायचा, नाहीतर धबधबा! शेवटी घरात ठरलं, की दिवाळीपर्यंत चढायला काही मिळालं तर ठीक, नाहीतर तिने मावशीकडे ठाण्याला जायचं. मावशीने कपाटातला एक कप्पाही रिकामा केला होता. आणि आता, दिवाळी तोंडावर आलेली असताना, हे गाव मेलं आवडायला लागलं होतं...

“मी रविवारी येते,” ती म्हणाली. “गोजाबाईंना सांगते, मीच ती.”

“ओरडेल.”

“ओरडू दे. तू असशील ना?”

“माझं घरच आहे तिथं,” तो बसकडे बघत म्हणाला. बस कधीचीच सुटून गेली होती.

रविवारी खळ्यात भाताची झोडणी चालली होती. मैत्रिणी मागे थांबल्या. ऋतिका एकटी पुढे झाली. थेट गोजाबाईसमोर जाऊन उभी राहिली. “आजी, ते पंजे माझे आहेत. देवाचा कातळ आहे, मला माहीत नव्हतं. चुकलं माझं. मी धुऊन काढते.”

गोजाबाईने हातातली पेंढी खाली ठेवली. “तुझं? शिडी लावलीस का गो?”

“नाही. अशीच... हातापायांनी.”

“आन मी लगीन शोधत सगला गाव पालथा घातला!” म्हातारी कमरेवर हात ठेवून हसली. मग एकदम गंभीर झाली. “वाघोबावर पाय नाय द्यायचा. त्याच्या मागं हाय ना, तो हत्तीवानी मोठा, त्यावर काय नाचायचा तो नाच. खाली टाकायला पेंढा ने माझा. हाडं मोडलीस त मला बोल नको लावू.”

आधी तिघींनी घागरी आणून वाघोबाचा कातळ स्वच्छ धुतला. ऋतिकाने हात जोडले. मग ती मागे गेली, आणि बघतच राहिली.

काळाभोर, उन्हात तापलेला, पोटाशी पुढे झुकलेला दगड! तिने तळवा टेकवला. खरखरीत, धरून ठेवणारा.

“मागून मी रोज चढतो,” संदीप पेंढा पसरत म्हणाला. “पुढून मला कधीच जमलं नाही.”

“मला जमेल.”

“फार चढून गेलीयस.”

“अजून कुठे? बघच तू!”

ती चढली आणि धप्पकन पेंढ्यात पडली. पुन्हा चढली, पुन्हा पडली. केसांत काड्या, कोपराला खरचटलेलं. जयश्री ओरडली, “ए, पुरे की!” पण ऋतिकाचं लक्ष एका बारीक कपारीवर होतं. टाच तिथे अडकवली तर...? संदीप मागून वर जाऊन कडेशी ओणवा झाला.

“हात देऊ नकोस हं!”

“देत नाहीये. मागितलास तर देईन.”

टाच बसली. एक क्षण सगळं अंग नुसत्या दोन बोटांवर होतं. मग तिने श्वास सोडला, झेप घेतली, कड हाताला लागली... आणि पोटावर सरपटत ती वर! समोर पिवळी पडलेली शेतं, डोंगरांमागे डोंगर. ती दोन्ही हात उंचावून अशी किंचाळली की खळ्यातले सगळे वर बघायला लागले.

मग ती त्याच्याकडे वळली. पांढराफटक पंजा पुढे केला. “आता दे.”

त्याने हात दिला. सोडला मात्र नाही.

“वर्गात काही बोलत नाहीस ते?”

“तू पुढच्या बाकावर बसतेस,” तो म्हणाला. “मागून बघत बसलो की... बोलायचं राहून जातं.”

ऋतिकाने त्याचा हात आणखी घट्ट धरला.

“आता तरी सांग गो,” खालून गोजाबाई ओरडली, “कोनाचा लगीन?”

“अजून अकरावी आहे, आजी!” ऋतिका वरून ओरडली, आणि संदीप पहिल्यांदाच खळखळून हसला.

संध्याकाळी आईबाबा चहा घेत होते. ऋतिका दारातच उभी राहिली, केसांत काड्या तशाच.

“मावशीला सांगा, कप्पा भरून टाक. मी ठाण्याला जात नाहीये. मला माझा दगड मिळालाय. दर रविवारी तिथे चढणार, आणि स्पर्धांना इथूनच जाणार.”

बाबांचा कप हवेतच थांबला. “नुसत्या दगडासाठी?”

“हो. दगडासाठीच.” तिने तळव्यावरची पांढरी पूड बघितली. तिच्यात त्याच्या बोटांचे ठसे अजून होते. “आणि आमच्या वर्गातला संदीप मला आवडतो. पण ते कारण नाहीये, बाबा. ती वेगळी बातमी आहे.”