झाडांची रात्र दुपारी होते

माझ्या गोष्टींना तिखटमीठ असतं, हे मला मान्य आहे. या गोष्टीला नाही. ही आळणी आहे. जशी घडली तशी वाढतो.

ती रात्र होती. पण भरदुपारची.

हसू नका, सांगतो.

माझी धाकटी बहीण, तिला आम्ही चिमी म्हणतो, आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी. दोघांनी घराच्या तळघरात शेती थाटली होती. ऊन नाही, पाऊस नाही. लोखंडी रॅक, रॅकवर ट्रे, ट्रेमध्ये लेट्युस आणि बेझिल, आणि डोक्यावर एलईडीचे जबरदस्त ताकदीचे दिवे. उजेड जांभळट गुलाबी. त्यात पानं काळी दिसायची आणि माणसं उकडलेल्या बिटासारखी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हणालो होतो, "दाजी, इथे भूत आलं तरी तुमचं तोंड बघून परत जाईल."

दाजी खूप हसले होते.

त्या दिव्यांचा ताप फार. म्हणून दाजींनी टायमर उलटा लावला होता. बाहेर गार रात्र पडली की आत दिवे पेटायचे. बाहेर ऊन चढलं की आत मिट्ट काळोख. माणसं जेवायला बसायची तेव्हा झाडं झोपलेली.

त्यांच्या झोपेच्या वेळी आत जायचं तर एकच दिवा चालायचा. हिरवा. हिरव्या उजेडाने झाडांची झोप मोडत नाही, असं दाजींचं म्हणणं. दाराशी खिळ्याला छोटा हिरवा टॉर्च अडकवलेला असायचा. "दादा," ते मला म्हणायचे, "आमच्याकडे हिरवा कंदील मिळाल्याशिवाय प्रवेश नाही."

झाडं झोपली की दाजी घटकाभर तिथेच स्टुलावर बसून राहायचे. आणि बाहेर पडताना झाडांना सांगायचे, "येतो."

आपण सगळेच म्हणतो. निघताना जातो म्हणू नये.

एका दुपारी त्याच स्टुलावर त्यांच्या छातीत कळ आली. चिमीने आणि तिच्या मुलीने, म्हणजे माझ्या भाचीने, धरून दारापर्यंत आणलं. दारात ते मागे वळले.

म्हणाले, "येतो."

आले नाहीत.

चिमीने झाडं सोडली नाहीत. पाणी बघायची, पानं काढायची. मग दुपारी, झाडांच्या रात्री, खाली जाऊन बसायला लागली. आधी थोडा वेळ. मग दिवे लागेपर्यंत. ती वर यायची तेव्हा बाहेर अंधार पडलेला असायचा. बिचारीच्या वाट्याला दोन्हीकडून रात्रच.

भाचीचा फोन आला. "मामा, आई पांढरी पडत चाललीय. अंधारात फुटलेल्या कोंभासारखी. खात नाही, माझं ऐकत नाही. तू काहीही थाप मार, पण तिला वर आण."

मी गेलो.

बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं. जिना उतरलो. दार ढकललं.

काळोख.

पंखे बंद होते. पाण्याची मोटर बंद. कुठेतरी नळीतून एक थेंब पडत होता... टप्... मग बराच वेळ काही नाही... टप्...

आणि त्यामध्ये आणखी एक आवाज.

पानांची सळसळ.

पंखे बंद होते हो. आत वाऱ्याला यायला फट नव्हती.

मी खिळ्यावरचा टॉर्च काढला आणि लावला.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. झाड उजेडाकडे वाकतं. दाजींचे दिवे छताला, म्हणून त्यांची झाडं नेहमी सरळ, शाळेतल्या प्रार्थनेला उभी असल्यासारखी.

त्या दुपारी सगळी आडवी वाकली होती.

एकाच बाजूला...

स्टुलाकडे.

स्टूल रिकामं होतं. समोर पालथ्या क्रेटवर चिमी बसली होती.

"चिमे, चल वर. जेवायचे थांबलोय आम्ही."

"हळू बोल, दादा. झोपलेत."

"कोण?"

"झाडं. आणखी कोण?"

मी हुश्श करून टेकायला म्हणून स्टूल ओढलं.

"तिथे नको," ती म्हणाली.

तोवर हात लागला होता. स्टूल गरम होतं. आत्ताच कोणी उठावं, तसं.

मी उभाच राहिलो. या वयात गुडघे उगाच उभं राहू देत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी तक्रार केली नाही.

"ते येतो म्हणाले होते, दादा," चिमी म्हणाली. "मला म्हणाले की झाडांना, ते कळलं नाही. पण म्हणाले ना? मग माणूस यायचं म्हणतो तेव्हा घरात कोणी नको का?"

जन्मभर मी भल्याभल्यांना शेंड्या लावल्या. समोर माझी सख्खी बहीण होती. आणि तिची हाडं मला त्या हिरव्या उजेडातही मोजता येत होती.

मग मला जे एकच येतं, ते केलं.

"अगं, ते वर आलेत," मी म्हणालो. "ओट्यापाशी उभे आहेत. तुला शोधतायत. आणि तू इथे बसून कोणाची वाट बघतेस?"

चिमीने माझ्याकडे टक लावून बघितलं. लहानपणी मी तिला शेजाऱ्यांची म्हैस उडते म्हणून सांगितलं होतं, तेव्हाही तिने असंच बघितलं होतं.

टप्...

मग सळसळ सुरू झाली.

स्टुलाजवळच्या ट्रेमधली पानं हलली. हळूच सरळ झाली... आणि दुसऱ्या बाजूला वळली.

मग त्याच्या पुढचा ट्रे.

मग त्याच्या पुढचा.

रॅकांच्या मधून कोणीतरी दिवा घेऊन चालत जावं आणि झाडांनी माना वळवून बघत राहावं, तसं. दिवा नव्हता. माणूस नव्हता. फक्त माझ्या कोपराजवळून ऊब गेली.

सगळी झाडं दाराकडे वाकली.

चिमी उठली. केस सारखे केले. जिना चढून गेली. वर भाचीचा आवाज आला, "आई? ये, बस."

मी दारात उभा होतो. टॉर्च मागे फिरवला. झाडं अजून दाराकडेच वाकलेली होती.

म्हणजे माझ्याकडे.

मी टॉर्च बंद केला. चाचपडत खिळ्याला अडकवला. आणि तोंडाची सवय, दुसरं काही नाही, तोंडून निघून गेलं,

"येतो."

आत स्टूल करकरलं. माणूस बसताना करकरतं, तसं.

मग...

"या, दादा."

जिना मी कसा चढलो, ते गुडघ्यांना विचारा.

वर चिमी भात कालवत होती. दुसऱ्यांदा मागून घेतला तिने. त्या रात्री झोपली. पुन्हा तळघरात बसली नाही. पुढे दिवे, रॅक सगळं एका रोपवाटिकेवाल्याने नेलं आणि ती भाचीबरोबर दुसरीकडे राहायला गेली. आता गालांवर रंग आहे.

दाजी ओट्यापाशी होते का, हे तिने मला कधी विचारलं नाही. एकदाच विषय काढला. "थाप आहे हे मला कळलं होतं, दादा. पण झाडं वळली. म्हटलं, त्यांनीही हिरवा कंदील दाखवला. मग उठले."

मला आत काय ऐकू आलं, ते मी तिला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

सामान नेताना भाचीने आठवण म्हणून बेझिलची एक कुंडी मला दिली. ती माझ्या खिडकीत आहे. दिवसभर रसरशीत ऊन येतं.

झाड उन्हाकडे पाठ करून आत वाकतं.

माझ्या खुर्चीसमोर एक जादा खुर्ची असते, पाहुण्यांसाठी. तिच्याकडे. मी कुंडी फिरवून ठेवतो. सकाळी बघावं तर पुन्हा तसंच. रोपवाटिकेवाल्याला विचारलं तर म्हणाला, "काका, झाड उजेडाकडेच वळणार. दुसरं कुठे वळेल?"

तेच तर.

हल्ली कुणाकडूनही उठताना माझी पंचाईत होते. जातो म्हणवत नाही. आणि येतो... ते एका ठिकाणी आधीच म्हणून बसलोय.