शालिकरामचा गोटा

वाचून खोटं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. पण हे घडलेलं आहे.

सन १९८६, चैत्र महिना. सिंदेवाहीपासून आत, जंगलातलं एक गाव आणि गावाबाहेरची महादेवाची पहाडी.

रात्र नव्हती. दुपारचे तीन वाजले होते.

पहाडीवर जुनं दगडी देऊळ. चढण्याआधी प्रत्येकानं नाल्यातला एक गोटा उचलून पायथ्याच्या मोहाच्या झाडाखाली ठेवायचा. उतरलं की आपल्याच हातानं परत पाण्यात टाकायचा. जंगल वाघाचं. मोहाखाली जेवढे गोटे, तेवढी माणसं अजून वर.

शिवरात्रीला गावातल्या भागीरथा या मुलीचे वडील, शालिकराम, चढले. शेवटच्या पायरीवर छाती धरून बसले ते उठलेच नाहीत. लोकांनी खांद्यावर उतरवलं.

गोटा तिथेच राहिला.

आणि गाव म्हणू लागलं, शालिकराम वरच आहे.

भागीरथा गडचिरोलीला शाळेत शिकवायची. हे बोलणं तिनं दीड महिना ऐकून घेतलं. मग त्या दुपारी ती एकटी मोहाखाली आली.

वडिलांचा गोटा लगेच ओळखू आला. त्याला जाळ्याचा दोरा गुंडाळलेला होता. तळ्यावर मासे धरणारा माणूस, खूण केल्याशिवाय काही ठेवत नसे. आजूबाजूला आणखी सात-आठ गोटे होते... मातीत अर्धे रुतलेले, फार जुने.

"हात नको लावू बाई." देवळाची राखण करणारा म्हातारा वारलू सावलीत बसला होता.

"बाबाले घ्याले आली, वारलूभाऊ."

"ज्यानं ठेवला त्यानंच उचलाव लागते. पोरीचं काम नाई."

"चिता याच हातानं पेटवली. ते चाललं. मंग गोट्याचं काय?"

वारलूनं रुतलेल्या गोट्यांकडे बोट केलं. "एक उचलला तं बाकीचे बी उठतीन."

"उठू द्या. त्यायचीबी घरं असतीन."

"घरं असतीन," तो म्हणाला. "घरात कोण असंल?"

भागीरथानं गोटा उचलला आणि नाल्यात टाकला.

पाणी हललं. आवाज मात्र... झालाच नाही.

ती गावाकडे निघाली. वाटेवर सागाची वाळकी पानं. दहा पावलांवर मागून ऐकू आलं...

एक पाऊल. मग फरफट.

वडिलांचा डावा पाय असाच घासायचा.

"सावकाश या बाबा. घाई नाई," ती म्हणाली.

मग आणखी एक चाल... मग बांगड्या... मग लहान मुलाचं पळणं...

तिनं वळून पाहिलं. वाट रिकामी. मागे मोहाखाली नुसते खड्डे. वारलू डोकं धरून बसलेला.

भीती वाटली. पण एकाला नेऊन बाकीच्यांना ठेवायचं, हे तिला जमणारं नव्हतं.

"चला सगळे," ती म्हणाली.

गावात एकही कुत्रं भुंकलं नाही. पावलं एकेका गल्लीत वळत गेली. ती फरफट मात्र तिच्या घरात शिरली, जाळी टांगलेल्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. वारा नव्हता, तरी जाळं हललं.

त्या दिवशी भागीरथा दीड महिन्यांनी पोटभर जेवली.

सकाळी शेजारची सोमारी दारात उभी. वय साठीच्या पुढे. तिचा नवरा लग्नाच्या वर्षीच पहाडीवर गेला होता, तो सापडलाच नव्हता.

"माहा माणूस आला वो, बाई."

"मंग चांगलं झालं ना, सोमारीबाई."

"काय्चं चांगलं? तो बावीस वर्षांचा, तसाच आहे. मले इचारते, आजी, इथली सोमारी कुठी गेली?" ती खाली बसली. "अंगणात वाट पाहून राह्यला. मी काय सांगू त्याले?"



आपण चुकलो, असं भागीरथा आजही म्हणत नाही. बाप घरी आला, एवढं तिला पुरतं.

त्यानंतर चार वर्षांनी सोमारी वारली. घराला कुलूप आहे. त्या अंगणावरून जाताना भागीरथा पाय उचलते, कान देत नाही.

पण कुणीतरी विचारतं... ते ऐकू येतंच.