डावीकडचं पाणी

त्या दोघांची पहिली भेट म्हणजे चक्क टक्कर होती. तीही भर तलावात, काठापासून दीडशे मीटर आत, जिथे एवढं मोकळं पाणी असताना कोणी कोणाला धडकायचं काही कारणच नव्हतं.

श्रावणातला रविवार. सकाळचे साडेसहा झाले असतील. पोहऱ्याच्या डोंगराखालचा हा पाझर तलाव बहात्तरच्या दुष्काळात बायामाणसांनी टोपल्या वाहून बांधला. माझी आईही त्या कामावर होती. तेव्हापासून त्यात म्हशी डुंबताना पाहिल्या, पोरं उड्या मारताना पाहिली. पण टोपी आणि गॉगल लावून, घड्याळ लावून पोहणारी माणसं आता आता दिसू लागली. मी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, छत्री धरून बसले होते. मांडीवर भाचीचा टॉवेल, हातात तिचं घड्याळ. रिमझिम चालू होती, पाण्यावर थेंबांची बारीक जाळी विणली जात होती... त्या जाळीतून ज्योत्स्नाची पिवळी टोपी समोरच्या बाभळीकडे निघाली आणि कोणी दोरी बांधून ओढावी तशी हळूहळू डावीकडे वळत गेली. डावीकडून एक लाल टोपी नाकासमोर येत होती.

पाण्यावरून आवाज फार लांब येतो. मला सगळं ऐकू आलं.

"दिसत नाई का तुमाले?" ज्योत्स्ना नाकातलं पाणी शिंकरत म्हणाली.

"मले दिसते. तुमी गोल काहून पोहून राहिल्या?"

"गोल? मी सरळच चालली होती."

"असं... मग तलावच फिरला असंन."

ती पाण्यात डोकं घालून निघून गेली. पुन्हा डावीकडे.

ज्योत्स्ना म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, सत्यवतीची मुलगी. अठ्ठावीस वर्षांची. अकोल्याला बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी. दर शनिवारी पहाटे अकोल्याहून सायकल हाणत निघायची ती दहाच्या सुमारास अमरावतीत माझ्या दाराशी. रविवारी सकाळी पोहणं, आणि पाण्यातून निघाल्याबरोबर अंग न पुसता बूट चढवून धावणं. याला ती मंडळी 'ब्रिक' म्हणतात. पाण्यात आडवं असलेलं शरीर एकदम उभं राहिलं की पाय आपले राहत नाहीत, त्यांना सवय लागावी म्हणून.

हे सगळं कशासाठी, तर एका शर्यतीसाठी. एकोणीसशे मीटर पोहायचं, नव्वद किलोमीटर सायकल, वर एकवीस किलोमीटर धावणं. पोहण्याला सत्तर मिनिटं. सत्तर झाली की तुम्ही कुठेही असा, नाव येते आणि उचलून नेते. गेल्या वर्षी ज्योत्स्नाला नावेत ओढलं तेव्हा काठ दोनशे मीटरवर होता. घोट्याला बांधलेली, वेळ नोंदवणारी पट्टी सोडून घेतली आणि संपलं. सायकलला हात लावायलाही मिळालं नाही. परत आल्यावर ती मला एवढंच म्हणाली होती, "मावशी, दम नाही गेला. पाय नाही दुखले. नुसती वेळ सरली." आणि थोड्या वेळानं, "पुढच्या वर्षी मी त्या पाण्यातून माझ्या पायानं बाहेर येईन."

तेवढंच तिला हवं होतं. पदक वगैरे नंतरच्या गोष्टी.

तर त्या दिवशी ती बाहेर आली, रागारागानं बूट घातले आणि पाळीवरून मुरमाच्या रस्त्याला लागली. मागोमाग लाल टोपीवालाही निघाला. उंच, सावळा, हसताना एक भुवई वर जाणारा. पाण्यात बाण होता; जमिनीवर आला आणि नव्या वासरासारखे पाय लटपटू लागले. पाच किलोमीटर धावून ज्योत्स्ना परतली तेव्हा तो कुठे वळणावर दिसत होता.

"पाण्यात साहेब असान तुमी," ती बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाली. "जमिनीवर मी हाये."

"मान्य." तो धापा टाकत होता. "पण एक सांगा... पोहणं शिकल्या कुठं?"

"विहिरीत. परतवाड्याकडे, मामाच्या संत्र्याच्या बगीच्यात."

तो हसायला लागला आणि मधेच थांबला. "विहिरीत पोरं काठाकाठानं फिरतात. तुमी कोणत्या अंगानं फिरत होत्या?"

ज्योत्स्नानं माझ्याकडे पाहिलं. कारण तिला शिकवलं मीच होतं. कमरेला वाळलेला भोपळा बांधून, सहा वर्षांची असताना. त्या विहिरीत एका बाजूला पायऱ्या होत्या आणि दुसरीकडे मोटारीचा पाइप, म्हणून भिंत नेहमी उजव्या हाताला ठेवायची, असा माझाच दंडक. उन्हाळ्यांमागून उन्हाळे ही पोर त्या गोल पाण्यात डावीकडे वळत राहिली. अकोल्याच्या तरणतलावात तळाला काळी रेघ आखलेली असते, तिथं कळायचं नाही. मोकळ्या पाण्यात रेघ कोण आखणार?

"म्हणजे मागच्या वर्षी..." ती म्हणाली.

"एकोणीसशे नसान पोहल्या तुमी. चोवीसशे तरी झाले असतीन."

ती माझ्या शेजारी पाळीवर बसली. वर्षभर पोर स्वतःला मंद समजत होती.

त्याचं नाव संघपाल. नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात पाळीनं काम करायचा, आणि त्याच शर्यतीत त्याचंही नाव होतं. "मी तुमच्या डावीकडे राहतो," तो म्हणाला. "मले धडकल्या की समजायचं, वाकडं झालं."

"अन् तुमाले काय मिळते त्यात?"

"धावताना मागं-मागं येऊ देजा. पाय कसे टाकता ते पाहीन."

"पायच पाहजा," ज्योत्स्ना म्हणाली. तेव्हा पहिल्यांदा हसली.

मग रविवार असे गेले. लाल टोपी आणि पिवळी टोपी, हातभर अंतर ठेवून, बाभळीपर्यंत आणि परत. वाकडं झालं की हाताला हात लागायचा. काही रविवारी ती जरा जास्तच वाकडी जायची, असं मला पाळीवरून दिसे. म्हातारपणी जवळचं दिसत नाही, लांबचं नीट दिसतं. धावून आल्यावर तिघं मिळून गिला वडा खायला जायचो. तिच्या वड्यावर दही कमी पडलं की तो आपल्या ताटलीतलं सरकवायचा. ती ते संपवायची.

शनिवारी तो सायकलनं मूर्तिजापूरपर्यंत तिला आणायला जाऊ लागला. "चहा प्यायला जातो, मावशी," म्हणाला.

"पन्नास किलोमीटरवर चहा?"

"तिथला चांगला राह्यते."

सप्टेंबरात एका रविवारी त्याची पाळी बदलली आणि तो आला नाही. ज्योत्स्ना एकटी उतरली. तोवर सहा आठवडे ती सरळ रेषेत पोहत होती, मला काळजी वाटली नाही. पण तिसऱ्या फेरीला पिवळी टोपी दिसेना. मी उठून उभी राहिले. शेवटी ती डावीकडच्या बेशरमाच्या झुडपातून निघाली. अंगाला चिखल, कपाळावर ओरखडा, आणि डोळ्यांत पाणी. ते तलावाचं नव्हतं.

त्या दिवशी ती धावली मात्र रोजच्यापेक्षा दुप्पट.

पुढच्या रविवारी संघपाल आला. तो टोपी चढवत असतानाच ती म्हणाली, "आजपासून तुमी बाजूनं पोहू नका."

तो थबकला. "माहं... काई चुकलं का?"

"नाई. चांगलं वाटते तुमी असले की." एवढं बोलताना तिनं गॉगलचा पट्टा तीनदा घट्ट केला. "म्हणूनच नको. तुमी काही मले सरळ करून नाई राहिले. तुमी नुसती दुसरी भिंत झाले."

"मग शर्यतीतही राहतो ना बाजूले. नियमात बसते."

"अन् तुमचा वेळ? तुमी चाळीस मिनिटांत निघणारे माणूस."

"थांबीन मी. काय होते त्यानं?"

"तेच नको मले." ती पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहून बोलली. "तुमी माह्यासाठी थांबले, तर मी बाहेर निघाली का तुमी काढली, ते मले कधीच समजणार नाई. कबूल करा. पाण्यात थांबाचं नाई, काठावर थांबाचं नाई."

त्यानं टोपी कानांवर ओढली. मग म्हणाला, "कबूल. पण धावणं सोबत राहू द्या."

"ते राह्यलं."

मग तिनं पाण्यात मान वर काढायला शिकायचं ठरवलं. आठ हात मारले की डोळे तेवढे पाण्यावर काढायचे, मगरीसारखे, आणि बाभळीचा शेंडा पाहायचा. सोपं वाटतं. मान काढली की पाय बुडतात, पाय बुडाले की वेग जातो. पहिल्या आठवड्यात तिचा वेळ आणखी वाईट झाला. मी वेळा लिहिलेला कागद तिच्यापासून लपवला, तर तिनं तो मागून घेतला. रात्री मानेला गरम तेल लावताना मी म्हटलं, "दोनच महिने राहिले गं." ती उशीत तोंड खुपसून म्हणाली, "दोन महिने गंज झाले, मावशी, पुरून उरतीन."

संघपालनं शब्द पाळला. तो तलावाच्या दुसऱ्या अंगाला पोहायचा. एकदा ती पुन्हा बेशरमाकडे वळत चालली होती. तो दम खायला पाण्यात उभा होता, त्यानं पाहिलं, तोंड उघडलं... आणि मिटलं. मला त्याची दया आली. आठ हात झाले, पिवळ्या टोपीनं डोळे वर काढले, बाभूळ शोधली आणि स्वतःच सरळ झाली. तेव्हा त्यानं पाण्यावर दोन्ही तळवे आपटले, एकदाच, हलकेच, आणि डुबकी मारली.

नोव्हेंबरअखेर शर्यत झाली. मला एवढा प्रवास झेपत नाही, म्हणून मी अकोल्याला सत्यवतीकडे गेले. आम्ही दोघी बहिणी सकाळपासून फोनवर डोळे लावून बसलो. पाण्यात माणूस कुठे आहे ते त्यात दिसत नाही. काठाला येऊन घोट्यावरच्या पट्टीची नोंद झाली, की नाव उमटतं.

एकेचाळिसाव्या मिनिटाला संघपालचं नाव आलं. चव्वेचाळिसाव्या मिनिटाला तो सायकलवर चढल्याची नोंद आली. ज्योत्स्नाचा सरावातला सोबती म्हणून सत्यवतीला तो ऐकून माहीत होता, त्या दोघांचा करार मात्र नव्हता.

"थांबला नाई ना गं हा," सत्यवती म्हणाली.

"नाही थांबला. चांगला मुलगा आहे," मी म्हणाले. ती माझ्याकडे वेड लागल्यासारखी बघत राहिली.

साठ झाली. बासष्ट. चौसष्टला सत्यवती उठून स्वयंपाकघरात गेली आणि काही न करता परत आली. पासष्ट. मी चष्मा पुसला. सहासष्टाव्या मिनिटाला फोनच्या काचेवर ज्योत्स्नाचं नाव उमटलं. सत्यवतीनं माझा हात धरला.

पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं. जिथं जुळतं तेवढं लिहिते.

सायकलवर तिनं दोघांमधलं अंतर कमी केलं. धावायचा रस्ता चार फेऱ्यांचा होता, जाऊन परत यायचा. त्यामुळे समोरासमोर गाठ पडे. पहिल्यांदा तो परत येत होता, ती जात होती. ती अजून शर्यतीत आहे हे त्याला तेव्हा कळलं. "सहासष्ट," ती नुसती म्हणाली. तो असा हसला की पावलं मोजायचं विसरला.

दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "ज्योत्स्ना, एक बोलाचं होतं—"

"पुढच्या फेरीत," ती म्हणाली आणि गेली.

तो पुढचे पाच किलोमीटर वाक्य जुळवत धावला. तिसऱ्या वेळी समोर आल्यावर जे निघालं ते असं— "घरी कोणाले विचारू? तुमच्या आईले का मावशीले?"

"मले विचारा ना पहिले."

चौथी गाठ समोरून पडलीच नाही. शेवटच्या किलोमीटरला त्याच्या मांडीत गोळा आला, आणि मागून ओळखीच्या पावलांचा आवाज आला. ती बाजूला आली. त्याच्या डावीकडे की उजवीकडे, हे दोघांनाही आठवत नाही.

"विचारतो," तो धापा टाकत म्हणाला. "करता का लग्न... माह्याशी?"

"धावताना नाई सांगत. दम तुटते."

चार पावलं ती त्याच्याबरोबर राहिली. त्याच्या मते दहा. मग ती पुढे निघून गेली आणि त्याच्या दोन मिनिटं आधी पोहोचली. तो लंगडत आला तेव्हा ती शेवटच्या रेघेपलीकडे उभी होती, चेहऱ्यावर घामाचं मीठ वाळलेलं.

"हो," ती म्हणाली.

दुपारी फोन वाजला. मला नीट ऐकू यावं म्हणून सत्यवतीनं आवाज मोठा करून तो मधे ठेवला.

"मावशी, माह्या पायानं बाहेर आली मी. चार मिनिटं राखून."

"पाहिलं गं बाई. नाव पाहिलं तुझं."

"अन् मावशी... अजून एक हाये." नव्वद किलोमीटर सायकल हाणणारी ती पोर तिथं अडखळली. "संघपाल इथं बाजूलेच बसून हाये. तर आमी... तूच सांगजो ना आईले. मले लाज वाटते."

मी सत्यवतीकडे पाहिलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि फोनवर वाकून विचारलं,

"जेवले का तुमी दोघं?"