माळावर उतरलेला उपग्रह

“मागं सरा! बॉम्ब हाय त्यो!” पलटणीतून निवृत्त झालेले लालासाहेब सुभेदार गरजले, तशी हरणा दचकून मागे झाली.

दिवाळीची सुट्टी. हरणा, तिचा भाऊ सिद्धू आणि त्यांचा मित्र गुंडा आटपाडीजवळच्या माळावर मेंढरं चारत होते. तिथे बाभळीत फाटक्या फुग्याला लटकलेली एक पत्र्याची पेटी त्यांना सापडली. हौसेने ती गावात आणली, तर अख्खा गाव दगड घेऊन उभा!

एकाहत्तरच्या लढाईला दोनच वर्षं होत होती. त्यात सांगलीच्या कॉलेजातून पेटी शोधत आलेला, मूळ कोरेगावचा मानसिंग लोकांना हेर वाटला. त्याला त्याच्या रेडिओसकट चावडीत कोंडलं.

“आमी कॉलेजच्या पोरांनी उपग्रह बनवलाय वो!” तो खिडकीतून ओरडला. “चाचणीसाठी फुग्याला बांधून वर सोडला हुता!”

“गप! टाका रं पेटी हिरीत!” सुभेदारांनी हुकूम सोडला.

हरणा खिडकीशी धावली. “दादा, ही पेटी करती तरी काय?”

“ती किती तापलीय ते माझ्या रेडिओवर कळवती. तापली की टिकटिक जलद, गार झाली की सावकाश!”

हरणाचे डोळे चमकले. ती दोघांच्या कानात कुजबुजली. गुंडाने सारी मेंढरं विहिरीच्या वाटेवर हाकली. पेटी उचललेले गडी कळपात अडकले!

“पोरांनो, फोडून काढीन!” सुभेदार ओरडले.

“आवं आजा, आधी ऐका तरी!” हरणा वाटेतून हटली नाही. “दादाला आतनं पेटी दिसत न्हाई. तुमी खूण कराल तवाच सिद्धू तिच्यावर वलं घोंगडं टाकंल. पेटी गार झालेली दादानं रेडिओवर वळखली न्हाई, तर खुशाल बुडवा!”

सुभेदारांनी मुकाट बोट हलवलं. सिद्धूने घोंगडं टाकलं. थोडा वेळ गेला.

“टिकटिक मंदावली! पेटी गार केली कुणीतरी!” मानसिंग आतून ओरडला.

सुभेदारांनी घोंगडं काढायला लावलं. ऊन लागलं.

“आता तापाय लागली!”

तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा बरोबर! मग सुभेदारांनी स्वतः चावडीची कडी काढली.

“पोरगी लय हुशार हाय,” ते म्हणाले. “पलटणीत असती तर बिल्ला दिला असता!”

“बिल्ला नगं, आजा,” हरणा म्हणाली. “दादाची माफी मागा.”

सुभेदारांच्या मिशा थरथरल्या. मग ते मानसिंगकडे वळले.

“चुकलं माझं, बाळ.”

हे शब्द त्यांच्या तोंडून गावाने पहिल्यांदाच ऐकले!