ट्रकवरचं दार

ये रसिद, बस. इकडं चटईवर जागा आहे. कॉफी गार झाली असेल, पण शेंगा आत्ताच उकडल्यात.

मघाशी तू अंधारातून 'कुलो नुवुन' अशी हाक दिलीस, ही सगळी 'मोंगो, मोंगो' करून ओरडली आणि मी तेवढा गप्प बसलो. राग मानू नकोस. दारात आलेल्यानं 'येऊ का' विचारावं, आतल्यानं 'या' म्हणावं, ही रीत मलाही कळते. पण रात्रीची हाक असली की माणसाचं तोंड दिव्यात दिसेपर्यंत मी कुणालाच 'मोंगो' म्हणत नाही. आजचं नाही हे. तारमुजीनं घर आणलं तेव्हापासूनचं.

"कान गेलेत म्बाहचे," हा गिमान मला म्हाताऱ्याला काय म्हणतोय ऐक, "ऐकू आलं नाही म्हणायची लाज वाटते, म्हणून आता गोष्ट रचणार."

हस लेका. कान गेले असते तर बरं झालं असतं.

तारमुजी म्हणजे माझ्या बायकोचा चुलतभाऊ. पुर्वोदादीच्या पलीकडं, सागाच्या रानाला लागून त्याचं गाव. त्याच्या मुलीचं, वुर्यानीचं, लग्न ठरलं होतं. एकुलती एक पोर. तिला आपल्याच आवारात वेगळं घर बांधून द्यायचं, डोळ्यांसमोर ठेवायची, एवढंच त्याच्या मनात. पण लाकूड आणायचं कुठून? साग दाराशी उभा, पण झाड सरकारचं. तेव्हा कुणीतरी त्याला सांगितलं, खाली किनाऱ्यावर पुलोरेजोत लोक जुनी सागवानी घरं सुटी करून विकताहेत. तो माझ्याकडं आला. मीच त्याला घेऊन गेलो पुलोरेजोला.

तुम्ही पोरांनी पुलोरेजोचं नुसतं पाणीच पाहिलंय. समुद्रात विजेचे खांब उभे दिसतात ना, तो रस्ता होता. आधी उधाणाला अंगणात पाणी यायचं. मग घरात यायला लागलं. मग ओहोटी लागली तरी जाईना. कोळंबीची तळी गेली, नारळ गेले, कबरस्तान गेलं. लोकांच्या हातात जमिनीचे कागद होते, पायाखाली जमीन नव्हती. राहिलं होतं ते घराचं लाकूड. आपली जुनी घरं लाकडात लाकूड अडकवून, कुसांवर आणि पाचरींवर उभी, खिळा कुठं नाही. पाचरी ठोकून काढल्या की आख्खं घर ट्रकवर चढतं.

गावाच्या टोकाला म्बाह सामिनाहचं, सामिनाह आजीचं, घर होतं. मधले चार खांब असे की माझ्या कवेत येईनात. पुढचं दार दोन झडपांचं, वरपासून खालपर्यंत कोरलेलं. म्हातारी जिभेची तिखट. "आलास? भात संपल्यावर बरा वास येतो तुला!" असं म्हणायची आणि म्हणता म्हणता ताट वाढायची. दारात कुणी नुसता खाकरला तरी आतून तिचं "मोंगोऽऽ" यायचं, थेट मशिदीपर्यंत ऐकू जाईल असं. माझ्याकडं पाहुणा आलेल्या तारमुजीनंही ते कधीतरी ऐकलेलं. आख्खं गाव उठून गेलं तरी ती हलेना. शेवटी मुलगा रोहमादी तिला जवळजवळ उचलूनच सेमारांगला आपल्या भाड्याच्या खोलीत घेऊन गेला, आणि इकडं त्यानं घर विकायला काढलं.

तारमुजीला घर बघताक्षणीच आवडलं. खांबावरून हात फिरवत त्यानं रोहमादीला विचारलं, "आईला सांगितलंस ना?"

"घर माझ्या नावावर आहे, कांग," तो थोरल्या भावाला सांगावं तसं म्हणाला.

"ते नाही विचारलं मी."

रोहमादी चिडला. "तिच्या 'हो'साठी समुद्र थांबणार आहे का? पुढच्या वर्षी हे खांब कुजतील. तुम्हाला नको असेल तर दुसरं गिऱ्हाईक आहे माझ्याकडं."

तारमुजीनं माझ्याकडं पाहिलं. मी खांब न्याहाळायला लागलो. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

घर उतरवायला सुतार लावले. कौलं, वासे, फळ्या आधीच्या खेपांना गेल्या. शेवटच्या खेपेला खांब, तुळया आणि ते दार राहिलं. तो दिवस गुरुवार. म्हणजे दिवस मावळल्यावर लागली ती रात्र शुक्रवार क्लिवोनची, भुताखेतांची.

"म्बाह, तुमची भुतं दर वेळी क्लिवोनलाच रजेवर कशी येतात?"

गिमान, तू मुकादमाला विचार, तो रजा देत असेल. आता मध्ये बोलू नकोस.

घर जागेवरून हलवायचं तर चार माणसं जेवायला घालावीत, दुवा मागावी, घराला सांगावं की बाबा, तुला इथून नेतोय. तसं काही झालं नाही. अमावास्येचं उधाण, पाणी रस्त्यावर चढायला लागलेलं. ट्रकवाला सुपेनो बोंबलत होता, "आत्ता निघा, नाहीतर ट्रकला वल्ही लावा!" खांब खाली रचले, त्यांच्यावर तुळया. दाराची चौकट सोडवली तर नक्षी फुटेल म्हणून दार चौकटीसकट सगळ्यांच्या वर आडवं ठेवलं. आकाशाकडं तोंड करून. दोन्ही झडपा मिटलेल्या, वरून दोर आवळलेला. रात्रीची, इशाची नमाज आटपली आणि ट्रक निघाला. रोहमादी गुडघाभर पाण्यात उभा होता. जिथं घर होतं तिकडं त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही. मी माझ्या घरी आलो. पुढचं तारमुजीनं सांगितलेलं सांगतो, आणि सुपेनोनंही मला नंतर एकट्यानं तेच सांगितलंय.

डेमाकपर्यंत ठीक होतं. पाण्यातून रेंगाळत तिथं पोचायलाच मध्यरात्र उलटली, मग दोघांनी चहा घेतला. सुपेनोला गाण्याचा नाद, कॅसेटच्या वरताण त्याचाच आवाज. तारमुजी मनात घर उभं करत होता. दार दक्षिणेला, पुढं पडवी, वुर्यानीला बसायला बाकडं. गोडोंग गाव मागं पडलं. दोन्ही बाजूंना भातखाचरं, मग तीही संपली आणि सागाचं रान लागलं. तिथं रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती.

मागं आवाज झाला. टक... टक... टक.

"दोर सैलावला," सुपेनो म्हणाला. त्यानं ट्रक बाजूला घेतला. दोघं उतरले. तारमुजी चाकावर पाय ठेवून वर चढला, बॅटरी मारली. दोर तारेसारखा ताणलेला. दार जागच्या जागी. काहीच हलत नव्हतं. वाराही नव्हता.

"फांदी लागली असेल," तारमुजी म्हणाला.

"हो. फांदीच."

पुन्हा निघाले. सुपेनोनं गाणं मोठं केलं.

टक... टक... टक.

गाडीच्या हिसक्यानं लाकूड वाजतं ते कसंही वाजतं. हे तसं नव्हतं. हे बोटाच्या पेरानं दार वाजवल्यासारखं होतं. वाजवून थांबायचं. कुणी येतंय का त्याची वाट बघितल्यासारखं. मग पुन्हा.

सुपेनोनं कॅसेट बंद केली.

इंजिनाची घरघर. बाकी काही नाही. आणि मग मागून, अगदी नीट, अदबीनं...

"कुलो नुवुन..."

बाईचा आवाज. म्हाताऱ्या बाईचा.

दोघं समोर बघत राहिले. एकमेकांकडं नाही. सुपेनोच्या ओठांवर कलमा होता, आवाज नव्हता.

"कुलो नुवुन..."

तारमुजीला आवाज ओळखीचा वाटला. पण कुठं ऐकलाय ते लागेना. ज्या आवाजात जन्मभर लोकांना 'या' म्हटलं गेलं, तो 'येऊ का' म्हणून विचारतोय, हे त्याच्या ध्यानात कसं यावं?

"कुलो..."

आणि तारमुजी बोलून गेला. मला म्हणाला, "दाजी, मी बोललो नाही. तोंड बोललं." पन्नास वर्षांची सवय. दारात कुणी हाक दिली तर माणूस काय म्हणतो?

"मोंगो."

टकटक थांबली.

ट्रक मागून खाली बसला. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे करकरले. कुणी जड पावलानं आत यावं, तसा. मग सगळं शांत.

"कांग," सुपेनो कसाबसा म्हणाला, "कुणाला 'या' म्हणालास?"

तारमुजीनं काच वर चढवली.

गाव येईपर्यंत सुपेनोनं ट्रक कुठंही थांबवला नाही.

पहाटेची अजान होत होती तेव्हा ते पोचले. माल उतरवत असतानाच तारमुजीचा फोन वाजला. रोहमादी.

"कांग... आई गेली."

"कधी?"

"काल. मगरिबच्या वेळी, दिवस मावळताना. पुलोरेजोत फोन लागत नव्हता, मला रात्री घरी गेल्यावर कळलं." मग त्याचा आवाज खाली आला. "दुपारपासून म्हणत होती म्हणे... मला घरी सोडा."

मगरिबला गेली. ट्रक निघाला इशानंतर.

मेलेलं माणूस चाळीस दिवस आपल्या घरापाशी असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. रोहमादीनं तिला सेमारांगलाच पुरलं. इकडं कबरस्तान राहिलंच कुठं होतं? पण भाड्याची खोली काही तिचं घर नव्हे. आणि घर तर रस्त्यावर निघालेलं.

तारमुजीनं घर उभं केलं. परत न्यायचं तरी कुठं? पाण्यात? लग्न पुढं ढकललं आणि रोहमादीला निरोप पाठवला की चाळिसावा याच घरात करायचा, तू यायचंस. तो येत नव्हता. तारमुजी स्वतः जाऊन त्याला मोटरसायकलवर मागं बसवून घेऊन आला. मलाही बोलावलं.

कुराणातली यासीन वाचून झाली, दुवा झाली, लोक जेवणाच्या टोपल्या घेऊन आपापल्या घरी गेले. मधल्या चार खांबांमध्ये चटईवर आम्ही तिघंच उरलो. मी, तारमुजी, रोहमादी. आतल्या खोलीत कुणी नव्हतं. तिथं सामानही लावलं नव्हतं अजून.

त्या खोलीच्या फळीवर आतून वाजलं.

टक... टक... टक.

रोहमादीच्या हातातला पेला तसाच राहिला.

आणि मी ऐकलं. या कानांनी. तिखट नाही, रागाचं नाही. थकलेलं.

"येते मी..."

निरोप घेत होती ती. चाळिसावा दिवस, जायची वेळ. आता घरच्यानं काय म्हणायचं? तुम्ही सांगा. येणाऱ्यालाही आपण 'मोंगो'च म्हणतो. जाणाऱ्यालाही 'मोंगो'च. शब्द एकच.

तारमुजी कुजबुजला, "रोहमादी, तू बोल. मुलगा आहेस तू."

रोहमादीनं मान हलवली. नाही.

"अरे, जाते म्हणतेय ती. बोल."

"आणि 'या' ऐकलं तर?" त्यानं पेला चटईवर ठेवला. "एकदा तुम्ही म्हणालात, आली ना ती?"

"येते मी..." पुन्हा. आता प्रश्न केल्यासारखं.

तारमुजीचं तोंड उघडलं. मिटलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघितलं. माझ्या घराची नव्हती ती, मी कोण निरोप देणारा?

तिसऱ्यांदा...

तिसऱ्यांदा नुसतं "येते..." एवढंच.

आम्ही वाट बघितली. पावलं वाजली नाहीत. दार वाजलं नाही. गेली की थांबली, काहीच कळलं नाही. दिव्याभोवती पाखरं फिरत होती, तेवढीच हालचाल. रोहमादी तसाच उठला आणि अनवाणी बाहेर गेला. रानातल्या रस्त्यानं, अंधारात, एकटा. चपला तिथंच. त्यानंतर तो त्या घरात आला नाही.

मी आणि तारमुजी पडवीत पडून राहिलो. झोप कसली लागते? उजाडल्यावर मी आत गेलो.

खांब उभे करताना तारमुजीनं ते घासून, तेल देऊन लखलखीत केले होते. आदल्या रात्री मी त्यातल्याच एकाला पाठ टेकून बसलो होतो. आता चारही खांबांना बुडाशी, घोट्याच्या उंचीवर, बारीक पांढरे शिंपले धरले होते. होडीच्या बुडाला चिकटतात ना, तसले. चारही खांबांना एका रेषेत. मी किनाऱ्यावर जन्मलेला माणूस, मी त्यांना ओळखायला चुकेन? वाटलं, जुने असतील, वाळलेले, आपल्या नजरेतून सुटले असतील. म्हणून सुरीनं एक फोडला.

आत ओलं होतं. सुरीचं टोक लागलं तसं ते आक्रसलं.

तिथून समुद्र म्हणजे मोटरसायकलनं दोन तासांची वाट. तारमुजीनं ते खरवडून काढले, वरून चुना फासला. वुर्यानी तिथंच राहते आता, तिला मुलगाही झालाय. घर म्हणाल तर मोठं देखणं.

गेल्या ईदला गेलो होतो मी. शिंपल्यांची रेषा आता खिडकीच्या खालच्या काठापर्यंत चढलीय.